होडीला क्लास नसतो

आमच्या मेहुण्यांना निवृत्त होऊन चार वर्षं झाली आणि ही चारही वर्षं ते आम्हाला कुठे ना कुठे घेऊन जाण्याच्या खटपटीत आहेत. आधी केदारनाथ झालं; म्हणजे बोलून झालं. मग सिंगापूर झालं, तेही बोलूनच. गेल्या महिन्यात मात्र ते गुळगुळीत कागदाचं एक जाडजूड माहितीपुस्तक काखेत मारून आले आणि चपला काढता काढताच म्हणाले, “भावोजी, यंदा क्रूझ! फक्त कुठल्या क्लासनं जायचं तेवढं सांगा.”

मी जन्मभर एस.टी.नं हिंडलेला शाळामास्तर. मी म्हटलं, “आपला नेहमीचा सेकंड क्लास बरा. खिडकी मिळाली म्हणजे झालं.”

भूगोलाच्या तासाला मुलानं नागपूर समुद्रकिनारी नेऊन ठेवलं की मास्तर जसे हसतात, तसे मेहुणे हसले. “तो क्लास नव्हे हो! बोटीचा क्लास. आयकॉन क्लास, ओअॅसिस क्लास, क्वांटम क्लास. आधी बोटीचा क्लास ठरवायचा, मग बोट, मग मजला, मग खोली.”

“आणि मग पैसे?”

“ते आधी,” मेहुणे म्हणाले.

आता मराठी माणूस क्लास या शब्दाला परका आहे असं नाही. मुलगा दहावीत गेला की त्याला क्लास लागतो, आणि नशीब असेल तर पुढे फर्स्ट क्लास मिळतो. मठ्ठा चांगला झाला तरी आमच्याकडे “क्लास झालाय हं!” असं म्हणतात. कोणी वेड्यासारखा वागला तर त्याला थर्ड क्लास म्हणतात, जरी रेल्वेनं थर्ड क्लास १९७४ सालीच बंद केला असला तरी. बंद केला म्हणजे काय केलं, तर त्याला सेकंड म्हणायला सुरुवात केली. कालपर्यंत तिसऱ्या वर्गात उभं राहून जाणारी माणसं एका रात्रीत दुसऱ्या वर्गात उभं राहून जाऊ लागली. वर्ग बदलायला डबा बदलावा लागत नाही, हे तेव्हापासून माझ्या पक्कं ध्यानात आहे. पण माणसाऐवजी बोटीलाच क्लास, हे मात्र मला नवीन होतं. तेव्हा मेहुणे गेल्यावर मी लाल पेन्सिल घेतली आणि ते पुस्तक तीन रात्री वाचलं. सौभाग्यवतींना वाटलं, स्वारी तयार झाली. त्यांनी स्वेटर काढून उन्हात घातला.

वाचून जे कळलं ते असं. क्लास म्हणजे एकाच नकाशावरून बांधलेल्या बोटी. सोसायटीत ए विंग, बी विंग, सी विंग असतात, तशा. साधारणपणे जी बोट आधी बांधतात तिचं नाव साऱ्या वर्गाला लागतं, आणि मागून येणाऱ्या बोटी या तिच्या बहिणी. आपल्या आरमारातही हीच रीत. ‘गोदावरी’ १९८३ साली दाखल झाली, तिच्यामागून ‘गंगा’ आणि ‘गोमती’ आल्या. तिघी मिळून गोदावरी क्लास. यात मला काही वावगं वाटलं नाही. थोरलीच्या नावानं धाकट्या ओळखल्या जाणं हे आमच्या शाळेतही चालायचं. “तू सहावी ब मधल्या कुलकर्णीची बहीण ना?” एवढं विचारलं की पुढची चौकशी करावी लागत नसे.

सगळ्या बहिणींचा मिळून जो गोतावळा, तो ताफा. रॉयल कॅरिबियन नावाच्या कंपनीच्या ताफ्यात प्रत्येक बोटीला ‘ऑफ द सीज’ असं आडनाव असतं. ‘ओअॅसिस ऑफ द सीज’ २००९ सालची, ‘अल्यूर ऑफ द सीज’ २०१० सालची. या ओअॅसिस घराण्यातल्या. ‘आयकॉन ऑफ द सीज’ २०२४ च्या जानेवारीत निघाली आणि नव्या घराण्याची मूळ पुरुष, म्हणजे मूळ स्त्री, ठरली. तिची लांबी ३६५ मीटर. म्हणजे रोज एक मीटर चाललं तरी वर्षभराची सोय. ती सुमारे अडीच लाख टनांची आहे असं वाचून मी दचकलो. पण हा टन वजनाचा नव्हेच. तो बोटीच्या पोटातल्या जागेचा. जुन्या काळी दारूची किती पिंपं मावतात त्यावरून जहाज मोजत, त्या पिंपाचा हा टन. कारकुनी बदलली तरी मोजमाप पिंपाचंच राहिलं, हे वाचून जरा बरं वाटलं.

कार्निव्हल कॉर्पोरेशनचं तर भलंमोठं एकत्र कुटुंब आहे. प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका, क्यूनार्ड, कोस्टा, आयडा अशा चुली निराळ्या, पण सातबारा एक. त्यामुळे एकाच नकाशाची बोट २०१८ साली जर्मन चुलीवर ‘आयडानोव्हा’ म्हणून शिजली, २०१९ साली इटालियन चुलीवर ‘कोस्टा स्मेराल्दा’ म्हणून, आणि २०२० साली अमेरिकन चुलीवर ‘मार्डी ग्रा’ म्हणून. गंमत अशी, की जर्मन चूल या बोटीला हेलिओस क्लास म्हणते आणि अमेरिकन चूल एक्सेल क्लास म्हणते. पुरण तेच, कणीक तीच. एका घरी पुरणपोळी, दुसऱ्या घरी मांडा.

इथे माझी लाल पेन्सिल पहिल्यांदा चालली. कारण इथून पुढे क्लास हा शब्द जहाज बांधणाऱ्याचा राहत नाही, विकणाऱ्याचा होतो. जुन्याच नकाशात चार खोल्या वाढवल्या की ‘ब्रेकअवे प्लस’. दुसऱ्या कंपनीनं बोट जरा लांबवली की ‘मेराविलिया प्लस’. तिसरीनं आणखी जोर केला आणि ‘क्वांटम अल्ट्रा’ काढली. कपडे धुण्याच्या पावडरीलाही एवढी बढती मिळत नाही. मेहुणे मला फोनवर अभिमानानं सांगत होते, “आपण साध्या क्लासनं नाही जायचं भावोजी, प्लसनं जायचं.” वास्तविक मेहुण्यांची खोली सहाव्या मजल्यावर आतल्या बाजूला, खिडकी नसलेली. तिथून समुद्र प्लस आहे की वजा, हे कळायचा काही मार्ग नाही. पण बोटीचा क्लास मेहुण्यांना चढला होता. दुसऱ्याच्या क्लासमध्ये राहून स्वतःला क्लास आल्यासारखं वाटणं हाच या धंद्याचा पाया आहे, आणि आम्ही मध्यमवर्गीय त्या पायाचे दगड आहोत.

माझं म्हणणं मात्र वेगळं आहे. एकाच नकाशाच्या बोटी बांधण्याचा खरा फायदा प्रवाशाच्या मिरवण्यात नाही. तो एकीची चूक दुसरीत दुरुस्त होण्यात आहे. उदाहरण सर्वांच्या ओळखीचं आहे. ‘टायटॅनिक’ ही एकुलती एक होती असं आपल्याला सिनेमामुळे वाटतं. पण ती मधली बहीण. थोरली ‘ऑलिम्पिक’, १९११ सालची. धाकटी ‘ब्रिटॅनिक’. तिघी मिळून ऑलिम्पिक क्लास. १९१२ साली मधली बुडाली, तेव्हा थोरलीला परत गोदीत नेऊन तिच्यावर जादा जीवनौका चढवल्या, आतून दुसरी भिंत घातली. ती पुढे १९३५ पर्यंत चालली. ब्रिटॅनिक महायुद्धात इस्पितळाची बोट झाली आणि १९१६ साली सुरुंगानं बुडाली खरी, पण तिच्यावरची बहुतेक माणसं वाचली. मधलीच्या मरणातून बाकीच्या दोघी काही शिकल्या. क्लासचा अर्थ हा. बाकी सगळं जाहिरात.

आणि जिला क्लासच नाही ती? तीही आपल्या मुंबईत आली. २०२१ साली कॉर्डेलिया कंपनीनं जी ‘एम्प्रेस’ सुरू केली, ती १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेली. ज्या कंपनीसाठी तिचा नकाशा काढला, ती कंपनी बोट बांधून होईतो दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. सासर ठरलं होतं एक, वरात गेली दुसऱ्याच दारी. त्यामुळे तिच्यासारखी दुसरी कोणी बांधलीच नाही. आधी ‘नॉर्डिक एम्प्रेस’, मग ‘एम्प्रेस ऑफ द सीज’, मग नुसतीच ‘एम्प्रेस’, अशी तिची बारशी होत गेली, पण बहीण काही मिळाली नाही. तरीही एकटी असूनही तिची नोंद आहे, तपासणी आहे, वजनाची रेघ आहे, जीवनौका आहेत. क्लास नसला तरी कोणीतरी तिला विचारणारं आहे.

आमच्याकडेही एके काळी ताफा होता. कोकणच्या आगबोटींना संतांची नावं देणारी एक स्वदेशी कंपनी होती. लोक तिला प्रेमानं ‘माझी आगबोट’ म्हणत. ११ नोव्हेंबर १९२७ ला ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन आगबोटी एकाच दिवशी बुडाल्या. वीस वर्षांनी, १७ जुलै १९४७ ला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. दिवस गटारीचा, पावसाळा ऐन भरात. तुकारामाचं मरण रामदासाला शिकवू शकलं नाही. संतांची नावं दिली म्हणून बोटी तरत नाहीत. गाथा तरण्याची गोष्ट वेगळी.

हे सगळं वाचताना माझ्या डोळ्यांपुढे सारखी एक होडी येत होती. तिचं नाव मला माहीत नाही, कारण तिला नाव नव्हतं. ती होती मणिबेलीची.

मणिबेली म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातलं, अक्कलकुवा तालुक्यातलं, नर्मदेकाठचं आदिवासी गाव. मी त्याच जिल्ह्यात मास्तर होतो. मास्तर म्हटलं की खानेसुमारी, पटनोंदणी आणि निवडणूक हे तीन सण आलेच. विधानसभेचे महाराष्ट्रात २८८ मतदारसंघ, त्यांत क्रमांक एकचा अक्कलकुवा. आणि त्याच्या यादीतलं पहिलं मतदान केंद्र मणिबेली. म्हणजे सबंध महाराष्ट्राची मोजणी जिथून सुरू होते, ते हे ठिकाण. क्लासच म्हणायचा तर याच्यावरचा क्लास नाही. २००९ सालच्या ऑक्टोबरात मला हुकूम आला तेव्हा मी घरी मोठ्या ऐटीत सांगितलं, “मी क्रमांक एकवर चाललोय.” सौभाग्यवतींनी विचारलं, “पोहता येतं का तुम्हाला?”

प्रश्न योग्य होता. काही वाट जीपनं आणि पुढची पाण्यानं. पाणी म्हणजे नदी नव्हे. नदीला दोन काठ असतात, ती कुठूनतरी येते आणि कुठेतरी जाते. हे पाणी कुठे जात नव्हतं; ते डोंगरांच्या कुशीत शिरून बसलं होतं. सागाची वठलेली झाडं पाण्यातून बोटं वर करून उभी होती, हजेरी घेतल्यासारखी. काठावर होडी होती. लाकडाची, ठिकठिकाणी पत्रा मारलेली, डांबरानं माखलेली. मी मतदानयंत्राची पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरून मधोमध बसलो. लोकशाही बुडता कामा नये, एवढंच डोक्यात होतं. होडीवाला तरुण होता. त्यानं माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाला, “गुरुजी, पेटी सोडा. काठ धरा.”

मी एक हात सोडला. मास्तरकीची सवय जात नाही, म्हणून विचारलं, “होडी कुठं बांधली रे?”

“हितंच. भावानं बांधली होती एक, तशीच.”

“तशीच?”

“तशीच. पण त्याच्या होडीत इथनं पाणी यायचं,” त्यानं पायाच्या अंगठ्यानं तळाशी एक जागा दाखवली, “म्हणून मी इथं पत्रा जादा मारला. आता धाकटा बांधील, तो अजून जादा मारील.”

तेव्हा मला ते विशेष वाटलं नाही. परवा लाल पेन्सिल हातात असताना एकदम उजेड पडला. क्लास म्हणजे काय ते या पोरानं मला अंगठ्यानं दाखवलं होतं. एक नकाशा, तीन होड्या, एकीची गळती दुसरीत बंद. बेलफास्टच्या गोदीत जे झालं तेच मणिबेलीच्या काठावर चाललं होतं. फरक इतकाच, की बेलफास्टला इंजिनिअर होते, कायदा होता, चौकशी समिती होती; आणि इथे जे काय होतं ते त्या पोराचा अंगठा.

तो अंगठा तिथे आला कसा, हेही सांगायला हवं. मणिबेलीचे लोक काही दर्यावर्दी नव्हते. डोंगरउतारावर शेती करणारी, नदीकाठच्या गाळात भाजी लावणारी माणसं. १९६१ साली पायाभरणी झालेल्या सरदार सरोवर धरणाचं पाणी १९९३ च्या पावसाळ्यात त्यांच्या घरात शिरलं. महाराष्ट्रातलं बुडणारं हे पहिलं गाव. काही कुटुंबं गुजरातेतल्या पुनर्वसन वसाहतीत गेली, काही पाण्याबरोबर एकेक पायरी वर चढत राहिली. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळही पाण्यात गेलं. देवाला धरणाखाली गोरा गावाजवळ नवं देऊळ मिळालं. देवाचं पुनर्वसन वेळेवर झालं, याचा मला आनंद आहे. भक्तांच्या फाइलींबद्दल बोलत नाही.

धरण वाढत गेलं. २००६ साली १२१.९२ मीटर, आणि २०१७ साली पूर्ण झालं तेव्हा १३८.६८ मीटर. २०१९ च्या सप्टेंबरात ते पहिल्यांदा काठोकाठ भरलं. मागचं पाणी दोनशे किलोमीटरांहून लांब पसरलं. आता नंदुरबार जिल्ह्यातल्या या काठच्या पाड्यांना दळण, औषध, तांदूळ, मास्तर आणि मतदानयंत्र हे सगळं पाण्यावरून यायचं. टाळेबंदीच्या वर्षी, २०२० साली, बाया-पोरं केंद्रावर येईनात म्हणून चिमलखेडीच्या एक अंगणवाडी सेविका मच्छीमाराची होडी मागून घेऊन स्वतः वल्हवत पाड्यांवर जात. रोजची अठरा किलोमीटर ये-जा वर्तमानपत्रांनी छापली, आपण चहाबरोबर वाचली, “ग्रेट हं!” म्हणालो आणि पान उलटलं. त्यांच्या हातांना वल्हं कुणी दिलं, की दुसऱ्याचंच वापरायचं होतं, हे आपण विचारलं नाही. कौतुक ही फार स्वस्त वस्तू आहे. तिला ना डिझेल लागतं, ना लाइफ जॅकेट.

आणि त्याच २०२० च्या ऑक्टोबरात, त्याच नर्मदेवर, धरणाच्या खालच्या अंगाला क्रूझ सुरू झाली! ‘एकता क्रूझ’. पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन. १८२ मीटर उंच पुतळा पाण्यातून पाहावा, म्हणून ही सोय. धरणाची एक भिंत. तिच्या खालच्या बाजूला पाण्यावर जाणारा माणूस पर्यटक, आणि वरच्या बाजूला पाण्यावर जाणारा माणूस धरणग्रस्त. पाणी तेच. फक्त क्लास वेगळा.

हे मी मेहुण्यांना सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे तुम्ही पर्यटनाच्या विरुद्ध.”

मी विरुद्ध नाही. लोकांनी पुतळा पाहावा, बोटीत बसावं, भुईमुगाच्या शेंगा खाव्यात. मी धरणाचं पाणी प्यायलेल्या माणसाच्याही विरुद्ध नाही. कच्छ-सौराष्ट्रात जिथे टँकरची वाट पाहायचे तिथे नळ आला, तो नळ बंद करा असं कुठला शहाणा म्हणेल? आणि आपण महाराष्ट्रातले तरी कोण मोठे सोवळे? १९७९ च्या नर्मदा लवादानं या धरणाच्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राला दिला आहे. म्हणजे मेहुण्यांच्या दिवाणखान्यात जो पंखा फिरतो, त्याच्या चार पात्यांतलं एखादं मणिबेलीच्या पाण्यावर फिरत असण्याची शक्यता आहे. माझं म्हणणं एवढंच, की पाण्याच्या एका बाजूला आपण क्रूझ घालू शकतो, तर दुसऱ्या बाजूला धड होडी का घालू शकत नाही?

“पण सरकार काही करत नाही असं नाही,” मेहुणे म्हणाले. बरोबर आहे. या पाण्यावर तरंगता दवाखाना चालवला गेला, बार्ज आल्या. पण अशा वस्तू योजनेतून येतात, आणि योजनेचं आयुष्य तिच्या फलकाच्या रंगाइतकं असतं. प्रत्येक योजनेची बोट निराळी, इंजिन निराळं. एकीचा नट दुसरीला बसत नाही. कंपन्या एकाच नकाशाच्या बोटी काढतात त्या काही प्रवाशांवरच्या प्रेमानं नव्हे; सुटे भाग एक, मिस्त्री एक, खलाशी एका बोटीवरून दुसरीवर गेला तरी त्याला दिव्याचं बटण शोधावं लागत नाही, म्हणून. जी अक्कल नफ्यासाठी सुचते ती जीव वाचवायला का सुचू नये?

कायदाही आहे. १९१७ चा अंतर्देशीय जहाजांचा कायदा वाफेच्या नि यंत्राच्या जहाजांपुरता होता. २०२१ साली त्याजागी नवा कायदा आला, त्यात वल्ह्याच्या होडीचाही विचार झाला. शंभर वर्षांनी का होईना, होडीला कायद्यात एक प्रकरण मिळालं. पण प्रकरण मिळालं म्हणजे पत्रा मिळाला असं होत नाही. २०१९ च्या मकरसंक्रांतीला धडगाव तालुक्यातल्या भुशाजवळ नर्मदेत सणाची माणसं घेऊन निघालेली होडी उलटली. माणसं गेली, मुलं गेली. तिळगूळ घेऊन निघालेली मुलं. होडीत माणसं फार होती, असं सांगितलं गेलं. अर्थातच फार होती. ज्या काठावर दुसरी होडी नसते, त्या काठावर पहिली होडी नेहमीच जास्त भरते. बोट बदलते, काठ बदलतो, पण “माणसं फार होती” हे वाक्य मात्र आपल्या ताफ्यात अजून सेवेत आहे.

“मग तुमचं म्हणणं काय?” मेहुण्यांनी घड्याळ पाहत विचारलं. दुसऱ्या दिवशी पैसे भरायची मुदत होती.

माझं म्हणणं साधं आहे. मणिबेली, धनखेडी, चिमलखेडी, बामणी, डनेल, डोमखेडी, निमगव्हाण, भुशा, अशी महाराष्ट्रातली ३३ गावं या पाण्यानं धरली. त्यांच्यासाठी एका नकाशाच्या होड्या बांधा. किती माणसं बसतील ती रेघ होडीच्या अंगावर ठळक ओढा, आणि तितक्या माणसांची लाइफ जॅकेटं होडीतच टांगून ठेवा. दर आठवड्याला ठरल्या दिवशी ठरल्या वेळी होडी निघेल, मग तिच्यात मंत्री असो की म्हातारी. इंजिनाचे सुटे भाग एका जागी मिळतील. आणि नकाशा काढायला बाहेरून कोणाला बोलावण्याआधी त्या अंगठेवाल्याला विचारा. गळती कुठे होते हे त्याला पाठ आहे.

आणि या होड्यांचं नाव? जहाजांच्या दुनियेत नियम स्पष्ट आहे. जी पहिली, तिचं नाव वर्गाला. महाराष्ट्रात पहिल्यांदा बुडालं ते मणिबेली. मतदारांच्या यादीत पहिलं ते मणिबेली. जगालाही हे नाव नवीन नाही. १९९४ साली मोठ्या धरणांना जागतिक बँकेनं पैसा देणं थांबवावं, असा जाहीरनामा निघाला, ४४ देशांतल्या ३२६ संस्था-संघटनांनी त्याला पाठिंबा दिला, आणि त्याचं नाव ‘मणिबेली जाहीरनामा’. तेव्हा वर्गाचं नाव शोधत बसायला नको. मणिबेली क्लास.

खरं सांगायचं तर हा क्लास आधीपासून आहेच. फक्त तो होड्यांचा नाही, गावांचा आहे. एक गाव बुडालं तेव्हा त्याच्या काय चुका झाल्या ते दिसलं होतं: यादीत नाव नाही, दिलेली जमीन नापीक, कागद अपुरा, पाणी आधी आणि नोटीस नंतर. ती गळती पुढच्या गावात बंद करता आली असती. १९९३ नंतर २०१९ यायला चांगली २६ वर्षं होती. ऑलिम्पिकला दुसरी भिंत घालायला इतका वेळ लागला नव्हता. मणिबेलीच्या बहिणी मात्र थोरलीच्याच नकाशावर, थोरलीच्याच भोकांसकट, एकीमागून एक पाण्यात गेल्या.

मेहुणे थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “हे सगळं खरं आहे हो भावोजी. पण आपलं बुकिंग?”

बुकिंग झालं. मी तत्त्वाचा माणूस असलो तरी स्वेटर उन्हातून आत आला होता, आणि त्यापुढे तत्त्व टिकत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही एजंटच्या कचेरीत गेलो. तिथल्या मुलीनं गोड हसून एक फॉर्म दिला. नाव, वय, मधुमेह, शाकाहारी की कसं, वगैरे. तळाशी एक रकाना होता: पूर्वी जलप्रवास केला असल्यास जहाजाचा क्लास. मेहुण्यांनी तिथे तिरकी रेघ मारली. मी चष्मा पुसला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘मणिबेली क्लास’.

मुलगी यंत्रावर बराच वेळ शोधत होती. मग म्हणाली, “काका, ही यादीत नाहीये. कुठल्या ताफ्यातली?”

मी म्हटलं, “आपल्याच. पण आधी तुमची यादी दुरुस्त करा. पुढच्या होडीला तिथं पत्रा जादा मारायचाय.”